घाटावरची भांग आणि रात्रीची झोप

उज्जैनच्या राम घाटावर संध्याकाळची क्षिप्रा आरती आटोपली की गर्दी पांगू लागते. कुणी हरसिद्धीच्या उजळलेल्या दीपमाळा पाहायला जातो, कुणी महाकालाच्या रस्त्याला लागतो. या गर्दीत मराठी बोलणे हमखास कानावर पडते. घाटावर राणोजी शिंद्यांची छत्री आहे. महाकालेश्वराचे आजचे मंदिर अठराव्या शतकात त्यांचेच दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी उभारले. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी मुक्काम ग्वाल्हेरला हलवेपर्यंत शिंद्यांची राजधानी इथेच होती. त्यामुळे पुण्या-नाशिकची मंडळी असोत की इंदूर-देवासची मराठी घरे, उज्जैन कुणालाच परके वाटत नाही.

या गावात भांगही परकी नाही. महाकालाला भांगेचा शृंगार होतो, त्यावर सुका मेवा लावून देवाचा मुखवटा साकारतो. शहरात परवान्याची भांगेची दुकाने आहेत, तिथे थंडाईत घोटलेली भांग मिळते, नुसती गोळीही मिळते. ज्याला घरी रात्ररात्र झोप नसते, त्याला इथे कुणीतरी सांगणारा भेटतोच: गोळी घ्या, देवाचीच वस्तू आहे, रात्री गाढ झोप लागेल. जगभरात आता गांजाच्या झाडापासून केलेली औषधे झोपेसाठी लिहून दिली जातात, हेही त्याने मोबाईलवर वाचलेले असते. मग श्रद्धा आणि विज्ञान दोन्ही एकाच बाजूला असल्यासारखे वाटते आणि हात पुढे होतो.

या सल्ल्यात खरे किती, ते नीट पाहायला हवे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात वर्षभरात सुमारे २ कोटी २० लाख लोक भांग घेतात, म्हणजे हा प्रश्न चार यात्रेकरूंपुरता नाही. थोडक्यात उत्तर असे: भांगेने डोळा लवकर लागू शकतो, पण निद्रानाश बरा होत नाही, आणि रोज घेतली तर झोप आणखी बिघडते. असे का होते, ते गोळीपासून सुरू करून पायरीपायरीने पाहू.

गोळीत काय असते

झाड एकच. त्याची पाने म्हणजे भांग, मादी झाडाचे फुलोरे म्हणजे गांजा आणि फुलोऱ्याचा चीक म्हणजे चरस. या झाडात शंभराहून अधिक विशेष रसायने सापडली आहेत. त्यांतली दोन आपल्या कामाची आहेत. एक टीएचसी, ज्याने नशा चढते. दुसरे सीबीडी, ज्याने नशा चढत नाही. टीएचसी सर्वांत जास्त फुलोऱ्यात असते, पानांत त्यामानाने कमी. म्हणून भांग गांजापेक्षा सौम्य मानली जाते. सौम्य आहे, पण निरुपद्रवी नाही.

भांग घोटताना नीट पाहिले तर पुष्कळ रसायनशास्त्र कळते. वाळलेली पाने निवडून भिजत घालतात. पाण्याला काळपट हिरवा रंग सुटतो, ते पाणी फेकून पुन्हा धुतात, पाणी नितळ येईपर्यंत. बरेच जण पाने उकळून पिळून घेतात. मग पाट्यावर काळी मिरी, बडीशेप, खसखस, मगज आणि बदाम घालून लोण्यासारखी मऊ होईपर्यंत वाटतात. हा वाटलेला गोळा दुधात कालवून फडक्यातून गाळला की थंडाई तयार, आणि तसाच वळला की गोळी.

धुतल्याने माती, रंग आणि तुरटपणा जातो, पण टीएचसी जात नाही, कारण ते पाण्यात विरघळत नाही. ताज्या पानात टीएचसी आम्लाच्या रूपात असते आणि त्या रूपात त्याची नशा चढत नाही. पान वाळले, जुने झाले, उकळले की ते आम्ल मोडून खरे टीएचसी तयार होते. ते स्निग्ध पदार्थांत विरघळते, म्हणून दूध आणि बदाम त्याचे उत्तम वाहक ठरतात. आयुर्वेदात भांगेच्या शुद्धीसाठी पाने पाण्याने धुऊन, वाळवून गाईच्या तुपात परततात. तिथेही उष्णता आणि स्निग्धता या दोनच गोष्टी काम करतात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. एका गोळीत टीएचसी किती, हे विकणाऱ्याला माहीत नसते आणि घेणाऱ्यालाही नसते. झाड कुठले, पाने कधी तोडली, त्यांत फुलोरा किती मिसळला, किती उकळली, यावर ते ठरते. वैद्यकीय वापरात नवख्या माणसाला टीएचसी साधारण अडीच मिलिग्रॅमपासून सुरू करतात आणि दहा मिलिग्रॅम हा चांगला भरभक्कम डोस मानतात. इतक्या बारीक मापाचे औषध डोळ्यांच्या अंदाजाने वळलेल्या गोळीत मोजणे शक्यच नाही. पाश्चात्त्य डॉक्टरांची हीच अडचण झाली होती. १८३९ मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातल्या विल्यम ओशॉनेसी यांनी गांजावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले आणि पुढे युरोप-अमेरिकेत गांजाचा अर्क वेदनेवर, आकडीवर, झोपेवर दिला जाऊ लागला. पण एका बाटलीने काहीच होईना आणि दुसरीने रोगी बरळू लागे. प्रत्येक अर्काची ताकद वेगळी असल्याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे औषध तिथल्या औषधकोशांतून हळूहळू बाद झाले.

पोटातून मेंदूपर्यंत

गांजा ओढला तर टीएचसी फुफ्फुसातून काही मिनिटांत मेंदूत पोचते. भांग पोटातून जाते आणि तिचा रस्ता लांबचा आहे. ती आतड्यात शोषली जाते, तिथून यकृतात येते. यकृत टीएचसीचे रूप बदलून ११-हायड्रॉक्सी-टीएचसी नावाचे द्रव्य तयार करते. हे द्रव्य मेंदूत सहज शिरते आणि त्याचा अंमलही जोरदार असतो. म्हणून खाल्लेल्या भांगेची नशा ओढलेल्या गांजापेक्षा उशिरा चढते, वेगळी वाटते आणि जास्त वेळ टिकते.

राम घाटावरून परतलेल्या एखाद्या यात्रेकरूची रात्र घड्याळावर मांडून पाहू. रात्री साडेआठला जेवणानंतर त्याने गोळी घेतली. नऊ वाजले, काही नाही. साडेनऊ झाले, तरी काही नाही. पोट भरलेले असेल तर अंमल सुरू व्हायला दीड-दोन तासही लागतात. इथेच घात होतो. माल कमी पडला असे वाटून माणूस दुसरी गोळी घेतो. साडेदहाच्या सुमारास पहिली चढू लागते आणि तिच्यावर दुसरी चढते. भांगेचा भर साधारण दोन ते चार तासांनी असतो, म्हणजे मध्यरात्रीच्या आसपास. तोंड कोरडे पडते, छाती धडधडते, वेळेचे भान सुटते. कुणाला हसू आवरत नाही, कुणाला आपण आता मरणार अशी भीती वाटते. अशा अवस्थेत झोप दूरच, माणसाला दवाखान्यात न्यावे लागते.

एकाच गोळीवर थांबलेल्याचे काय? तो बहुधा झोपतो. पण महाकालाची भस्म आरती पहाटे चारला. तिच्यासाठी त्याआधी दोन-तीन तास तरी उठून रांगेत उभे राहायचे. भांगेचा अंमल सहा ते आठ तास, कधी त्याहून जास्त टिकतो. म्हणजे तो उठतो तेव्हा अंगात भांग असते. टीएचसीमुळे उभे राहताच रक्तदाब खाली येऊ शकतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. साठी उलटलेल्या माणसाने त्या अवस्थेत राम घाटाच्या ओल्या पायऱ्या उतरून स्नान करणे म्हणजे हातपाय मोडून घेणे, किंवा पाण्यात पडणे. त्याच सकाळी इंदूरच्या रस्त्याला गाडी चालवणारा तर दुसऱ्यांचा जीवही धोक्यात घालतो.

मेंदूत काय होते

झोप दोन गोष्टींच्या मेळातून येते. पहिली म्हणजे झोपेची भूक. आपण जितका वेळ जागे, तितके मेंदूत अडेनोसिन नावाचे द्रव्य साठते आणि डोळे जड होतात. दुसरी म्हणजे शरीराचे आतले घड्याळ. ते मेंदूत डोळ्यांच्या नसांजवळच्या एका लहानशा केंद्रात असते आणि सकाळच्या उजेडावर वेळ लावून घेते. दिवसा दोन तास डुलकी काढली तर झोपेची भूक मरते. रात्री एकपर्यंत उजेडात बसलो तर घड्याळ मागे सरकते. या दोन्हींवर तिसऱ्या एका गोष्टीचा दाब असतो, ती म्हणजे जागेपणाची यंत्रणा. काळजी, वेदना, भीती तिला चेतवतात. जुनाट निद्रानाशात बहुतेक वेळा हीच यंत्रणा अंथरुणावरही शांत होत नाही.

टीएचसी नेमके कुठे बसते? १९६४ मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी टीएचसी शुद्ध रूपात वेगळे केले. १९९० मध्ये ते पेशीवरच्या ज्या ग्राहीवर (रिसेप्टरवर) बसते त्या सीबी-१ ग्राहीची रचना उलगडली आणि १९९२ मध्ये आपला मेंदू स्वतःच तयार करतो असे, त्याच ग्राहीवर बसणारे आनंदामाइड हे द्रव्य सापडले. मेंदूची एक पेशी दुसरीला निरोप पाठवते. निरोप फार जोरात आले की घेणारी पेशी आनंदामाइडसारखी द्रव्ये सोडते, ती उलट दिशेने जाऊन पाठवणारीला सांगतात: पुरे. हा इशारा गरज असेल तिथेच आणि तेवढ्यापुरताच दिला जातो. टीएचसी मात्र सगळीकडे एकदम आणि कितीतरी तास हा इशारा देत राहते. जागेपणाची यंत्रणा दबते, म्हणून गुंगी येते. स्मरणशक्ती, तोल, वेळेचे भान सांभाळणाऱ्या पेशीही दबतात, म्हणून माणूस भरकटतो.

सीबीडी सीबी-१ वर टीएचसीसारखे बसत नाही. त्याने झोप येते अशी जाहिरात फार होते, पण पुरावा तोकडा आहे. थोड्या मात्रेत त्याने गुंगी येत नाही. ती येते ती बऱ्याच मोठ्या मात्रेत. सीबीडीचे पक्के सिद्ध झालेले काम वेगळेच आहे. २०१८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती मुलांच्या काही गंभीर अपस्मारांसाठी.

डोळा लागला, पुढे काय

रात्रभराची झोप एकसारखी नसते. हलकी झोप, मग गाढ झोप, मग स्वप्नांची झोप असे सुमारे दीड तासाचे फेरे रात्रीत चार ते सहा वेळा होतात. गाढ झोप पूर्वरात्री जास्त असते आणि शरीराची झीज भरून काढते. स्वप्नझोप पहाटेकडे वाढत जाते. भावनांचा निचरा आणि आठवणी पक्क्या होणे, यांत तिचा मोठा वाटा असतो. डोळ्यांची बुबुळे तेव्हा पापण्यांखाली भराभर हलतात, म्हणून इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला आरईएम झोप म्हणतात.

टीएचसी या स्वप्नझोपेवर घाव घालते. भांग घेणारे सांगतात, "इतकी गाढ झोप लागली की स्वप्नसुद्धा पडले नाही." ते याला गुण समजतात. खरे म्हणजे रात्रीचा एक आवश्यक भाग कमी झालेला असतो.

रोज घेतल्यावर दुसरी गोष्ट घडते. सतत इशारा मिळत राहिल्याने मेंदू सीबी-१ ग्राही कमी करतो. पहिल्या आठवड्यात जेवढ्याने डोळा लागायचा, तेवढ्याने महिन्यानंतर लागत नाही. मात्रा वाढते. मग एखाद्या दिवशी भांग मिळत नाही किंवा माणूस निश्चयाने सोडतो आणि त्या रात्री तो टक्क जागा राहतो. झोप लागली तर भयानक, ठळक स्वप्ने पडतात, कारण दाबलेली स्वप्नझोप उसळून येते. चिडचिड होते, भूक मरते, घाम येतो. ही लक्षणे काही दिवस ते काही आठवडे राहतात. २०१३ पासून मानसोपचाराच्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत गांजा सोडल्यावरचा हा त्रास स्वतंत्र विकार म्हणून नोंदला आहे आणि झोप बिघडणे हे त्याचे एक ठरलेले लक्षण आहे.

या टप्प्यावर माणसाची पक्की फसगत होते. त्याला वाटते, भांग सोडली की झोप जाते, म्हणजे भांग माझे औषधच आहे. तो जो निद्रानाश भोगत असतो तो आता भांगेनेच दिलेला असतो आणि भांग घेऊन तो फक्त तेवढ्या रात्रीपुरता मिटवतो.

प्रयोग काय सांगतात

निद्रानाशावर गांजाच्या औषधाचे नीट आखलेले प्रयोग फार थोडे आहेत आणि तेही लहान. ऑस्ट्रेलियात २०१६ पासून वैद्यकीय गांजा कायदेशीर आहे आणि डॉक्टर तो ज्या तक्रारींसाठी लिहून देतात त्यांत वेदना आणि चिंतेबरोबर झोपही वरच्या क्रमांकावर आहे, म्हणून तिथे हे काम जास्त झाले.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. जुनाट निद्रानाशाच्या २३ जणांनी तो पूर्ण केला. प्रत्येकाने दोन आठवडे जिभेखाली गांजाचा अर्क घेतला आणि दोन आठवडे तसाच दिसणारा नकली अर्क. खऱ्या अर्काच्या दिवसांत आपली झोप सुधारली असे लोकांनी सांगितले. सिडनीतल्या दुसऱ्या प्रयोगात निद्रानाशाच्या २० रुग्णांना एका रात्री १० मिलिग्रॅम टीएचसी आणि २०० मिलिग्रॅम सीबीडी असा एकच डोस देऊन रात्रभर मेंदूच्या लहरी मोजल्या. नकली औषधाच्या रात्रीपेक्षा औषधाच्या रात्री झोप एकूण सुमारे २५ मिनिटे कमी भरली आणि स्वप्नझोप अर्ध्या तासाहून जास्त घटली. एक प्रयोग दोन आठवड्यांचा, दुसरा एका रात्रीचा, दोन्ही लहान. वर्षानुवर्षे भांगेवर झोपणाऱ्याने यांतल्या कशाचाही आधार घ्यावा असे काही नाही.

गांजाच्या औषधांचा झोपेला उपयोग होतो असा त्यातल्या त्यात बरा पुरावा वेगळ्या रुग्णांत आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१७ मध्ये सगळ्या संशोधनाचा आढावा घेतला. जुनाट वेदना, फायब्रोमायल्जिया, मल्टिपल स्क्लेरोसिसमधले स्नायूंचे आखडणे अशा दुखण्यांनी ज्यांची झोप मोडते, त्यांना अल्पकाळ फायदा होतो, असे त्यात नमूद आहे. हे समजण्यासारखे आहे. पाय आखडून माणूस रात्री दहादा उठत असेल, तर आखडणे कमी झाल्यावर तो झोपणारच. घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडकणाऱ्या म्हणजे स्लीप अ‍ॅप्नियाच्या रुग्णांचे नावही त्या आढाव्यात होते. पण पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या अकादमीने पुरावा अपुरा असल्याचे सांगून स्लीप अ‍ॅप्नियासाठी गांजा वापरू नये अशी स्पष्ट भूमिका घेतली.

आयुर्वेद आणि कायदा

"ही तर आपली विजया, आयुर्वेदातली," हे वाक्य पुढे येतेच. आयुर्वेदात भांग आहे, हे खरे. पण ती तिथे कशी आहे, तेही बघायला हवे. जातीफलादी चूर्णासारख्या योगांत ती शुद्ध करून, इतर द्रव्यांबरोबर, मुख्यतः पोटाच्या तक्रारींसाठी वापरली जाते. शार्ङ्गधर संहितेत तिला अफूबरोबर व्यवायी द्रव्यांत घातले आहे, म्हणजे पचण्याआधीच अंगभर पसरणारे द्रव्य. झोपेला चरक शरीराच्या तीन आधारांपैकी एक मानतात आणि झोप न येणाऱ्याला अभ्यंग, स्नान, म्हशीचे दूध, मनाला निवांतपणा असे उपाय सांगतात. आजच्या औषध नियमांतही अनुसूची ई-१ मध्ये भांग ही धोतरा, बचनाग आणि अफू यांच्या शेजारी विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. तिच्या औषधावर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे अशी सूचना छापावी लागते.

कायद्याचे म्हणाल तर १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात चरस आणि गांजा येतात. फुलोऱ्याशिवायची नुसती पाने आणि बिया गांजाच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. म्हणून भांग राज्यांच्या अखत्यारीत राहिली आणि मध्य प्रदेशात ती परवान्याच्या दुकानात मिळते. पानांपासून काढलेला विजया अर्क काही कंपन्या राज्याच्या आयुष परवान्यावर तयार करतात आणि तो वैद्याच्या चिठ्ठीवर मिळतो. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार विनापरवाना भांग बाळगणे आणि घेणे गुन्हा आहे. उज्जैनहून प्रसादाच्या पेढ्यांसोबत गोळ्या पिशवीत टाकून आणणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

भांगेचा बागुलबुवा करण्याचेही कारण नाही. १८९३-९४ मध्ये इंग्रज सरकारने नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनने देशभर फिरून हजाराहून अधिक साक्षी घेतल्या. वेड्यांच्या इस्पितळांच्या दप्तरात ज्यांच्या वेडाचे खापर गांजावर फोडले होते, त्यांतल्या पुष्कळ नोंदी बिनबुडाच्या निघाल्या. बेताने घेणाऱ्याचे सहसा नुकसान होत नाही, अति घेणाऱ्याचे होते, असे आयोगाने नोंदवले. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला सर्वांत कडक यादीतून बाहेर काढले, तेव्हा भारताने बाजूने मत दिले. औषध म्हणून या झाडावर संशोधन व्हायलाच हवे. पण सणासुदीला कधीतरी बेताने घेणे वेगळे आणि रोज रात्री झोपेचे औषध म्हणून घेणे वेगळे. हेम्प ड्रग्ज कमिशनचा दाखला पहिल्यापुरता आहे.

कुणी अजिबात घेऊ नये

ज्यांना स्वतःला किंवा घरात कुणाला स्किझोफ्रेनिया वा बायपोलर आजार आहे, त्यांनी भांगेला हात लावू नये; तिने आजार उफाळू शकतो. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या आयांनी, हृदयविकाराच्या रुग्णांनी, पंचविशीच्या आतल्या तरुणांनी घेऊ नये. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या, दारू आणि भांग एकत्र म्हणजे गुंगीवर गुंगी. रक्त पातळ करणारी वॉरफेरिन आणि आकडीवरची काही औषधे यांची रक्तातली पातळी गांजातल्या द्रव्यांनी वाढू शकते. तेव्हा डॉक्टरांपासून भांग लपवू नका. ते रागावतील म्हणून लपवलेली गोष्ट तपासणीत त्यांचीच दिशाभूल करते.

रस्त्यावरच्या भांगेत कडकपणा आणायला धोतरा मिसळल्याचे प्रकार घडतात. बाहुल्या विस्फारणे, अंग तापून कोरडे पडणे, माणसे न ओळखणे, असंबद्ध बडबड ही लक्षणे दिसली तर उतारा म्हणून लिंबू-चिंच देत बसू नये, तडक रुग्णालय गाठावे.

मग झोपेचे काय करायचे

आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री, तीन महिन्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल किंवा टिकत नसेल आणि त्याने दिवस बिघडत असेल, तर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. आधी कारण शोधायचे. मोठ्याने घोरणे, थायरॉइड, गुडघेदुखी, रात्री वारंवार लघवीला उठणे, नैराश्य, संध्याकाळचा चहा, स्टिरॉइडसारखी एखादी गोळी, यांतले काहीही झोप मोडत असू शकते.

कारण मिळाले नाही किंवा त्यावर उपचार करूनही झोप आली नाही, तर पहिला उपचार औषधाचा नाही. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ मध्ये आणि युरोपातल्या झोपतज्ज्ञांनी २०१७ मध्ये सीबीटी-आय या सवयी आणि विचार बदलण्याच्या पद्धतीला पहिला क्रमांक दिला. ती साधारण सहा ते आठ बैठकांत शिकवतात. तिचा गाभा असा.

दोन आठवडे झोपेची रोजनिशी ठेवा: कधी पडलो, अंदाजे कधी झोपलो, कधी उठलो. समजा अंथरुणात आठ तास जातात आणि झोप साडेपाचच तास होते. मग अंथरुणात साडेपाच-सहा तासच घालवायचे. सकाळी सहाला उठायचे ठरले असेल तर रात्री बारापर्यंत पडायचेच नाही. उठण्याची वेळ रविवारीही बदलायची नाही. पहिला आठवडा जड जातो, कारण झोपेची भूक मुद्दाम साठवलेली असते. झोप सलग लागू लागली की पडायची वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणायची. अंथरुणावर साधारण वीस मिनिटे झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसायचे, डोळे जड झाले की परत यायचे. अंथरुणावर मोबाईल नाही, हिशेब नाही, भांडण नाही. सकाळी उजेडात फिरायचे. अपस्मार किंवा बायपोलर आजार असेल, किंवा ड्रायव्हरसारखे जोखमीचे काम असेल, तर झोपेचे तास कमी करण्याचा भाग डॉक्टरांना विचारूनच करावा.

सीबीटी-आय आणि भांग यांतला खरा फरक इथे आहे. पद्धत झोपेची भूक, घड्याळ आणि जागेपणाची यंत्रणा या तिन्हींना वळण लावते, म्हणून बैठका संपल्यावरही गुण टिकतो. भांग तिसरीला काही तास दाबते, पहिल्या दोहोंना शिवतही नाही.

आधीच रोज भांगेवर झोपणाऱ्याने एकदम तोडण्यापेक्षा डॉक्टरांच्या मदतीने दोन-चार आठवड्यांत मात्रा उतरवत न्यावी. सोडल्यावरच्या वाईट रात्री आणि विचित्र स्वप्ने म्हणजे आजार परत आला असे नाही. मेंदू पूर्ववत होत असल्याची ती खूण आहे आणि ते दिवस सरतात. कर्करोगाच्या किंवा मल्टिपल स्क्लेरोसिसच्या वेदनांनी झोप उडाली असेल तर विजया अर्काबद्दल आपल्या तज्ज्ञाला जरूर विचारावे, मोजलेल्या मात्रेत आणि चिठ्ठीवर.

झोप न येणे हा शरमेचा विषय नाही आणि तो एकट्याने सोसण्याचाही नाही. महिनाभर झोप नीट नसेल तर फॅमिली डॉक्टरांकडे जा. मन फार खचले असेल किंवा भांग सुटत नसेल तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र, मोफत सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. उज्जैनला जाल तेव्हा महाकालाचे दर्शन मनसोक्त घ्या, राम घाटावरची आरती डोळे भरून पाहा. झोपेचा इलाज मात्र तिथल्या गोळीत शोधू नका.